कोंडिबातात्यांचं बोट

दिल्लीचे साहेब तोंडावर जाळी घालूनच गाडीतून उतरले.

मधमाश्यांच्या पेट्या गावापासून मैलभर वर, रानात. संस्थेच्या अंगणात माशी म्हणाल तर पाहुण्यांसाठी केलेल्या भज्यांवर घोंगावणारी, तेवढीच. पण साहेबांना कुणीतरी सांगितलं असावं, मधाच्या गावी चाललाय, जपून. त्यामुळे डोक्यावर हॅट, हॅटला जाळी, जाळी शर्टात खोचलेली आणि हातात पांढरे हातमोजे. आमच्या चेअरमननी हार जाळीवरूनच घातला. साहेब हसले की नाही ते कळायला मार्ग नव्हता. देशातल्या मधउद्योगाचं भवितव्य ह्यांच्या हाती आहे, असं निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि जगातली बहुतेक माणसं मूर्ख आहेत असं माझं पक्कं मत होतं. आता पन्नाशीला आले. मत फारसं बदललेलं नाही, यादीत एक नाव तेवढं वाढलं.

आंबेघळ मधपाळ सहकारी संस्थेत मी प्रयोगशाळा सहाय्यक होते. प्रयोगशाळा म्हणजे गोदामाला लागून असलेली एक खोली, एक डुगडुगणारं टेबल आणि ओलावा मोजायचं हातात मावेल असं एक यंत्र. काचेवर मधाचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. मधात पाणी किती ते कळतं. एवढ्यासाठी मी साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाले होते आणि गावात मला मॅडम म्हणत. मला ते आवडायचं, उगीच कशाला नाही म्हणू.

पण मध पास कोण करायचं? मी नाही. माझे वडील, कोंडिबा उतेकर. अख्खं खोरं त्यांना तात्या म्हणायचं, मीसुद्धा. तात्यांना सही करता येत नव्हती. तरी संस्था निघाल्यापासून रिवाज असा, की डबा कुणाचाही असो, तात्यांचं बोट लागल्याशिवाय तो टाकीत ओतायचा नाही. तात्या करंगळी बुडवायचे, जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठल्या झाडाच्या फुलांचा ते सांगायचे. "गेळा. खालच्या अंगाचा." "जांभूळ, पण घाईनं काढलाय, चार दिस थांबायचं हुतंस." कुणी साखरेचा पाक मिसळला असेल तर काही न बोलता डब्याला झाकण लावून परत द्यायचे. झाकण लागलं की तो माणूस वर्षभर पारावर बसायला लाजायचा.

शिकलेल्या पोरीला हे सगळं कसं वाटत असेल ते सांगायला नको. माझं यंत्र टेबलावर, आणि लोक बोटाकडे बघत उभे.

ते कारवीचं वर्ष होतं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, सगळा डोंगर जांभळा होतो, आणि मग झुडूप मरून जातं. तो मध काळपट, दाट, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी थोडा तुरट लागतो. शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं ह्याच मधाची मागणी नोंदवली होती. तेवढा मध दिला तर करार पाच वर्षांचा. नाही दिला तर संस्थेचं कुलूप तयारच होतं, कारण बाहेर बाजारात मध इतका स्वस्त झाला होता की आमचा कुणी घेईना. आमची माशी सातेरी. अंगानं लहान, स्वभावानं फटकळ, जरा उपासमार झाली की पेटी सोडून चालती होणारी. पेटीला वर्षाकाठी चार-पाच किलो निघाला म्हणजे डोक्यावरून पाणी. तिकडे उत्तरेत मोहरीच्या रानांत इटालियन माशीच्या पेटीला तीस-तीस किलो निघत होता. आणि त्याहून स्वस्त असं काहीतरी टँकरनं फिरत होतं, त्यालाही मधच म्हणत होते.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नाही. फुलं झाडावर कुजली. अख्ख्या खोऱ्यात कारवीचा मध निघाला तो मागणीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका.

मग गुरुवारी एक टँकर आला. चेअरमन श्रीपतराव शेलार म्हणाले, मोहरीचा मध आहे, थोडा मिसळला तर काय बिघडतं, मधात मध. आमच्याच डब्यांत भरला, डब्यांवर आमचेच शिक्के मारले. डबे गोदामात रांगेनं उभे राहिले. तात्यांनी त्यांना अजून बोट लावलं नव्हतं.

आता कंपनीची हौस बघा. त्यांचा खरेदीचा माणूस, वाधवा नावाचा, गुळगुळीत दाढीचा, बोलताना सारखा घड्याळाकडे बघणारा. त्याला तात्यांच्या बोटाची गोष्ट कुणीतरी सांगितली आणि तो खूष झाला. बाटलीवर म्हाताऱ्याचा फोटो छापायचा, खाली लिहायचं, बोट लागलेला मध. म्हणजे बोटाला काय कळतं त्याच्याशी ह्यांना कर्तव्य नव्हतं, बोट तेवढं हवं होतं. समारंभात दिल्लीच्या साहेबांसमोर तात्यांनी नव्या डब्यात करंगळी बुडवायची, चाटायची, मान डोलवायची, फोटो निघणार.

आदल्या दिवशी चेअरमन माझ्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले. हा माणूस एरवी माझ्याशी उभ्या उभ्या बोलायचा.

"शालन, तुझा बाप संस्था बुडीवणार बघ," ते म्हणाले. "एकशे चाळीस घरं हायेत. ह्या घरांनी मध काय वतून द्यायचा का ओढ्यात?"

मी म्हटलं, तात्यांना तुम्हीच सांगा.

"मी सांगून ऐकतोय व्हय त्यो? तू बघ. मान डोलवायची, बोलायचं काय न्हाई. आणि वाधवासाहेब ईचारत हुते, पुण्याच्या लॅबमधी हुशार पोरगी पायजे म्हणून."

किती स्वस्तात लोक दुसऱ्याला विकत घ्यायला बघतात, असं माझ्या मनात आलं. त्यांचा मला मनस्वी राग आला. आणि रात्रभर मी पुण्याच्या लॅबचाच विचार केला.

तात्यांना मी विचारून पाहिलं. म्हटलं, फोटोपुरतं तर आहे. नाहीतर तब्येत बरी नाही म्हणून घरी बसा. ते भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "खोटंच बोलायचं तर बोट कशाला? चमचा हाय की." आणि जेवायला लागले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे डोंगराला धक्का मारणं.

तेव्हा मला गुळमार आठवली. आमच्या रानात ही वेल पैशाला पासरी. तिची चार पानं चावली की तास-दोन तास जिभेला गोड कळत नाही. गूळ खाल्ला तरी माती खाल्ल्यासारखा लागतो. लहानपणी आम्ही एकमेकांना फसवून खायला द्यायचो. मी विचार केला, तात्यांना सत्याचा पुळका आहे ना? मग राहू दे. जीभच बंद केली तर त्यांना काही कळणार नाही. कळलं नाही की बोलणार नाहीत. खोटं बोलल्याचं पापही नाही, संस्थाही वाचेल. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

मध तपासायच्या दिवशी तात्या तिखट, कांदा, तंबाखू, चहा कशालाही शिवायचे नाहीत. साधी भाकरी आणि बिनतिखटाची पालेभाजी. समारंभाला निघायच्या तोंडावर मी कुर्डूची भाजी केली आणि चुलीवरून उतरवताना त्यात गुळमारीची कोवळी पानं बारीक चिरून मिसळली. तात्यांनी भाजी पुसून खाल्ली. तू जेवलीस का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मला भूक नाही.

तर असे आम्ही सगळे त्या मांडवात होतो.

साहेबांचं भाषण पाऊण तास चाललं. जाळीतून आवाज खोकल्यासारखा येत होता. देशातलं मध उत्पादन पाच वर्षांत दुप्पट करायचं आहे, दहा वर्षांत चौपट. प्रत्येक घरी इटालियन माशीची पेटी देणार. इथल्या धो-धो पावसात ती माशी जगेल का, मोहरी नाही तर ती खाईल काय, हे कुणी विचारलं नाही. दुप्पट झालेला मध घेणार कोण, हेही नाही. माणसं पुढ्यात बसून टाळ्या वाजवत होती. ज्यांच्या घरी मागच्या वर्षीचा मध डब्यात तसाच होता, ती सगळ्यात जोरात वाजवत होती. मी मागं उभी राहून बघत होते आणि मला सगळ्यांची कीव येत होती. ह्यांचं काही व्हायचं नाही, मी इथून सुटले पाहिजे, एवढंच डोक्यात.

मग तात्यांना व्यासपीठावर बोलावलं. धुतलेलं धोतर, टोपी. टेबलावर दोन डबे. एक तात्यांच्या स्वतःच्या पेटीतला कारवीचा, दुसरा टँकरचा. तात्यांची रीत अशी की आधी ओळखीचा मध चाटायचा, जीभ लावून घ्यायची, मग परका. हे मला माहीत होतं. पण माझ्या हुशारीत ते बसलं नव्हतं.

तात्यांनी आपल्या डब्यात करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. लगेच उघडले.

आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तीनशे माणसांत त्यांना मी कुठं उभी आहे ते शोधावं लागलं नाही. रानात जन्म गेलेला माणूस तो. गुळमार जिभेवर कशी लागते हे त्याला मी शिकवणार होते?

मला वाटलं, आता सांगतात. पण तात्यांनी नजर काढून घेतली, करंगळी धोतराला पुसली, दुसऱ्या डब्यात बुडवली आणि डोळे मिटून तोंडात घातली. वाधवानं फोटोवाल्याला खूण केली. फोटो निघाला. तात्यांनी बोट तोंडातून काढलं आणि दोन्ही डब्यांकडे बघितलं.

मग म्हणाले, "सायेब, माझ्या जिभंला आज गोड लागंना झालंय. का, ते मी सांगत न्हाई. पर बरं झालं. ह्या डब्यातलं गोड गेलं, तरी मागं कारवी ऱ्हायली. तुरट, रानाची, हाय तशी. ह्या दुसऱ्यातलं गोड गेलं आन् मागं काईच ऱ्हायलं न्हाई. नुसतं पाणी. ह्यात फूलच न्हाई सायेब. ह्यो मध न्हाई."

मला त्या क्षणी कळलं की गोडवा म्हणजेच मधाची चव, असं धरून चालणारी मी एकटीच होते. तीन वर्षं रसायनशास्त्र शिकून मी ही अक्कल कमावली होती. मला त्यांचं तोंड बंद करायचं होतं आणि मी त्यांना सगळं स्वच्छ करून दिलं होतं.

पण श्रीपतराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हसत पुढं आले. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, म्हातारा माणूस, चार दिवस अंगात कणकण आहे, जिभेला चव नाही असं स्वतःच सांगतायत. आता चव नसलेल्या जिभेचं काय घेऊन बसता? लोक हसले. हो, हसले. ज्यांच्या मधाची बाजू तात्या मांडत होते तेच हसले. वाधवानं घड्याळ बघितलं. जाळीतले साहेब म्हणाले, आता शास्त्रीय पद्धतीकडे वळायला हवं, अंदाजपंचे उद्योग चालत नाहीत, इथं कुणी तंत्रज्ञ नाही का?

"आमच्या मॅडम हायेत की," चेअरमन म्हणाले.

मी यंत्र घेऊन वर गेले. टँकरच्या मधाचा थेंब काचेवर ठेवला. उजेडाकडे धरला. मला आकडा ठाऊक होता, गुरुवारीच बघून ठेवला होता.

"अठरा टक्के," मी म्हणाले. "वीसच्या आत. उत्तम आहे."

टाळ्या. तात्या माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी हळू, म्हणजे मला आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "शालन, आपल्या माशीचा मध कधी अठरावर आलाय का गं?"

कधीच नाही. इथली हवाच ओली. आमच्या सातेरीचा मध बावीस, तेवीस, फार झालं तर एकवीस. अठरा हा आकडाच सांगत होता की हे आमच्या डोंगरातलं नाही. बोटाची गरजच नव्हती. हे त्या मांडवात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक मला विचारत होता.

"यंत्र खोटं बोलत नाही, तात्या," मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. टोपी सरळ केली आणि पायऱ्या उतरून गेले. साहेबांनी माझ्याशी हातमोज्यासकट हात मिळवला.

घरी भाजीचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि पुढं कधीच निघाला नाही. मी मात्र तयारीत होते. एकशे चाळीस घरं, संस्था, करार, सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. कुणी विचारलंच नाही.

पुढचं सगळं तुम्हाला अंदाजानं कळेल. कंपनीनं करार केला. बाटलीवर तात्यांचा फोटो आला, करंगळी तोंडात घातलेला, डोळे मिटलेले. कंपनीला दोन वर्षांत उमगलं की टँकर आंबेघळला आणून परत न्यायची गरज नाही, तो सरळ कारखान्यात नेता येतो. संस्थेला कुलूप लागलं. इटालियन माश्यांच्या पेट्या आल्या, पहिल्या पावसाळ्यात मेल्या. त्या पेट्यांत लोकांनी कोंबड्या बसवल्या. मला पुण्याची नोकरी मिळाली. चोवीस वर्षं मी तिथं आकडे वाचले, सह्या केल्या, आणि वर आलेल्या प्रत्येक साहेबाला मनात शिव्या घातल्या.

पण मला सांगायचंय ते समारंभानंतरच्या सोमवारचं.

सोमवार संकलनाचा दिवस. चेअरमननी फळ्यावर लिहिलं होतं, ह्यापुढे मध फक्त यंत्रावर तपासला जाईल, वीसच्या वर ओलावा असलेला मध घेतला जाणार नाही. कंपनीची अट. खोऱ्यातून माणसं डबे घेऊन आली. घरोघरी सांभाळलेला कारवीचा मध. मी थेंब ठेवत होते, आकडे सांगत होते. बावीस. तेवीस. बावीस. चालणार नाही. चालणार नाही. खरा मध एकेक करून परत जात होता आणि लोक भांडतसुद्धा नव्हते. मॅडम सांगतायत म्हणजे खरंच असेल, म्हणून डबा उचलत होते. मला त्यांचा संताप येत होता. अरे, ओरडा की माझ्यावर, असं वाटत होतं.

रांगेत शेवटी तात्या होते. डोक्यावर डबा, इतरांसारखेच. जन्मात कधी ते ह्या रांगेत उभे राहिले नव्हते. त्यांचा नंबर आला. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. मी थेंब घेतला. दोनदा बघितलं.

"तेवीस," मी म्हणाले.

"मग न्हाई घेता यायचा?"

"नाही."

"बरं," तात्या म्हणाले. पण डबा उचलला नाही. तो माझ्याकडे सरकवला. "बोट लाव."

मी म्हटलं, तात्या, लोक बघतायत. ते तसेच उभे राहिले. बाहेर डबे घेऊन निघालेली माणसं थांबली. शेवटी मी करंगळी बुडवली आणि जिभेवर ठेवली. दाट, काळा, आणि गिळल्यावर मागं तो तुरटपणा. त्या वर्षी पावसातून वाचलेली जेवढी म्हणून फुलं होती, ती त्यात होती. माझे डोळे आपोआप मिटले गेले.

"काय हाय?" तात्यांनी विचारलं.

मी यंत्राची काच पुसायला घेतली.

"सांग की. काय हाय?"

"कारवी," मी म्हणाले.

तात्यांनी डब्याला झाकण लावलं, घट्ट बसलंय का ते हातानं दाबून बघितलं आणि डबा डोक्यावर घेतला.

"मॅडम म्हणत्यात तर असंल," ते म्हणाले, आणि घराच्या वाटेला लागले.